बॅलेट म्हणजे मुळात काय? कंट्रोल युनिटवरच्या बटणावरून पडलेला प्रश्न

वाईची_बाई

नमस्कार मंडळी. मी झेडपी शाळेत शिकवते त्यामुळं इलेक्शन ड्युटी दरवेळी असतेच. मागच्या वेळी मला मतदान अधिकारी क्रमांक ३ केलं होतं, म्हणजे कंट्रोल युनिट माझ्यापुढं. मतदार आला की बोटाची शाई बघायची, चिठ्ठी घ्यायची आणि बटण दाबायचं, मग तिकडं आडोशाच्या मशीनवर हिरवा दिवा लागतो, माझ्याकडं लाल लागतो, त्यानं मत दिलं की लांब आवाज येतो आणि लाल दिवा जातो. दिवसभर हेच. त्या बटणावर इंग्रजीत लिहिलंय बॅलट. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा माझं लक्ष त्या शब्दावर गेलं. आपण बॅलेट म्हणजे बॅलेट पेपर, शिक्का मारायचा कागद असंच धरून चालतो, पण इथं मतदाराच्या हातात कागद देतच नाही आपण, मग बटणाला बॅलट का म्हणायचं?

घरी आल्यावर शोधत बसले. मूळ शब्द इटालियन आहे, बालोत्ता, म्हणजे छोटा गोळा किंवा गोळी. व्हेनिसमधे मत द्यायचं म्हणजे हातातली गोळी पेटीत किंवा भांड्यात टाकायची, आणि त्या गोळीचंच नाव पुढं मतदानाला पडलं. इंग्रजीत तो शब्द १६व्या शतकात आला, कागद त्याला नंतर येऊन चिकटला. मुळातल्या अर्थात कागद नाहीच! मला फार आवडलं हे, कारण गोळी मुठीत लपते. मूठ झाकून नेली की काय टाकलं ते शेजारच्यालाही कळत नाही, म्हणजे गुप्तपणा त्या वस्तूतच होता असं मला वाटतं.

तुम्हाला ह्या शब्दाबद्दल अजून काय माहिती आहे? जुन्या मतदानाच्या आठवणी असल्या तरी लिहा.

रानवारा

छान धागा ताई. म्हणजे बॅलट आणि बुलेट एकाच शब्दापासून आलेत का? दोन्हीकडं गोळीच आहे. भाषणात ऐकतो ना कायम, बुलेट नको बॅलट हवं.

शब्दवेडा

वाटतं तसं, पण नाही. अर्थ दोन्हीकडं छोटा गोळा हाच असला तरी घराणी वेगळी आहेत. बॅलट, बॉल, बलून हे एका घरचे, त्यांचं मूळ जर्मन वगैरे भाषांच्या बाजूला जातं. बुलेट फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागं लॅटिन बुल्ला आहे, म्हणजे बुडबुडा, आणि त्यावरून कागदपत्राला लावायची गोल मोहोर. त्या मोहोरेवरून बुलेटिन आणि बिल हे शब्दसुद्धा आले, आपण दुकानात मागतो ते बिल आणि विधिमंडळात मांडतात तेही. तेव्हा बुलेट ही बिलाची चुलत बहीण झाली, बॅलटची कुणी नाही.

नाचाचा बॅले तिसराच, तो नाचणे ह्या क्रियापदावरून.

आणि व्होट हा शब्दही बघा, लॅटिन वोटुम म्हणजे देवाला बोललेला नवस. त्यावरून इच्छा, आणि इच्छेवरून मत. पोल म्हणजे डोकं. पोल घ्यायचा म्हणजे डोकी मोजायची, आपल्या शिरगणतीसारखंच.

कोर्टाची_पायरी

बाई, तुम्हाला पडलेला हाच प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला होता हे तुम्हाला माहीत आहे का? मी वकिली करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८२ साली केरळात परूर विधानसभा मतदारसंघात देशात पहिल्यांदा मतदान यंत्रं वापरली. सगळीकडं नाही, ८४ पैकी ५० केंद्रांवर, बाकी ठिकाणी कागदच. निकाल लागला, कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले आणि हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस कोर्टात गेले. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधे कलम ५९ आहे, त्यात म्हटलंय की मतं बॅलटनं दिली जातील, ठरवून दिलेल्या पद्धतीनं. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं होतं की पद्धत ठरवायचा अधिकार आम्हाला आहे, यंत्र हीसुद्धा एक पद्धतच. मग सगळं येऊन अडलं बॅलट ह्या शब्दावर. त्यात यंत्र बसतं की नाही?

१९८४ मधे कोर्टानं सांगितलं की नाही बसत. कायदा झाला तेव्हा संसदेच्या डोळ्यासमोर कागदाची मतपत्रिका आणि पेटी होती, यंत्र आणायचं तर आधी कायदा बदला, नुसत्या आदेशानं जमणार नाही. त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले. एका शब्दाच्या अर्थावरून आमदार बदलला.

मग संसदेनं कायद्यात ६१अ हे कलम घातलं, १९८९ पासून ते लागू झालं, त्यानंतर यंत्राला कायद्याचा आधार मिळाला. २००४ ला अख्खी लोकसभा यंत्रावर झाली. माझं मत विचाराल तर तेव्हा कोर्टाचं बरोबरच होतं, कारण मतदानाची रीत कुणा अधिकाऱ्याच्या सहीनं बदलायला लागली तर उद्या त्याला शेवट कुठं? पण व्हेनिसच्या गोळीपर्यंत मागं गेलं तर बॅलटमधे कागद नव्हताच हेही खरं, आणि तुमच्या बटणावरचा शब्द त्या जुन्या अर्थाच्या जास्त जवळ जातो.

वाईची_बाई

बाप रे, हे काहीच माहीत नव्हतं. दिवसभर शेकड्यानं वेळा तो शब्द दाबला मी आणि त्याच्यामागं एवढं! खूप धन्यवाद.

माजी_केंद्राध्यक्ष

वाईच्या बाई, मी तुमच्याच खात्यातला, आता रिटायर. आमचा सगळा काळ कागदाचा होता. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य घ्यायचं, मतपत्रिकांचे गठ्ठे, लोखंडी पेट्या, लाख, सुतळी, शिक्के, आणि एसटीनं नाहीतर ट्रकनं गावात पोचायचं. रात्री कंदिलात मतपत्रिकांच्या मागं सह्या करत बसायचो, बोटं आखडायची.

त्या शिक्क्याबद्दल सांगतो. नुसती फुली नसायची ती, चारी टोकांना बाण असायचे आणि सगळे एकाच दिशेनं वळलेले. ट्रेनिंगमधे आम्हाला त्याचं कारण सांगितलेलं. शाई ओली असते, कागदाची घडी घातली की ठसा समोरच्या दुसऱ्या उमेदवारावर उमटतो, मग मोजताना खरं मत कुठलं? उमटलेल्या ठशातले बाण उलटे वळतात, त्यावरून खरा शिक्का ओळखायचा. म्हणून मतदाराला मतपत्रिका आधी उभी घडी, मग आडवी घडी अशी करून दाखवायचो. म्हाताऱ्या बायका घडी घालताना इतकी काळजी घ्यायच्या, नोटेची घालावी तशी.

आणि बाई, कागद अजून पूर्ण गेलेला नाही. एखादा मतदार आला आणि कळलं की त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, तर ओळख पटल्यावर त्याला प्रदत्त मत देता येतं, ते आजही मशीनवर नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर शिक्का मारून घेतात आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. तुमच्या पिशवीत ती पाकिटं असणारच. आमच्या केंद्रावर एकदा एक बाई तासभर भांडत बसली, माझं मत कुणी दिलं म्हणून. प्रदत्त मतपत्रिका दिली तेव्हा शिक्का मारून शांत झाली. मला आजही त्या बाईचा आदर वाटतो.

गोदाकाठ

नाशिककरांनी हे वाचावं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या मतपत्रिका आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधे छापल्या होत्या, एक रुपयाच्या नोटेएवढ्या. आणि त्यावर शिक्काच मारायचा नव्हता! उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर निशाणी चिकटवलेली, आपल्याला हव्या त्या पेटीत कागद तसाच टाकायचा. म्हणजे तो कागद नावालाच कागद, काम गोळीचंच करत होता. पेट्यांपैकी लाखो विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात झाल्या.

शब्दवेडा

आणि त्यातला धोका असा की मतदार आत जाऊन कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकायचा, आणि कुणी असे कागद गोळा करून एकदम टाकले तर पकडायचं कसं. १९६२ पासून मग सगळीकडं एकच पेटी आणि निशाणीवर शिक्का अशी पद्धत आली.

बेळगावचा_मी

मतपत्रिकेवरून बेळगाव आठवणार नाही असं कसं. १९९६ ची लोकसभा, सीमाप्रश्नावर दिल्लीचं लक्ष जावं म्हणून आपल्या लोकांनी अर्जावर अर्ज भरले, शेवटी ४५६ उमेदवार उभे राहिले. एवढी नावं आणि एवढ्या निशाण्या कागदावर बसवायच्या कशा, मतदान पुढं ढकलावं लागलं. आमच्या घरात तेव्हा कुणी अर्ज भरला कुणी नाही यावरून रोज चर्चा व्हायची, मी कॉलेजात होतो. आई मत देऊन आली आणि म्हणाली निशाणी शोधेस्तोवर मागचे लोक ओरडायला लागले.

त्याच वर्षी आंध्रात नलगोंड्याला ४८० उमेदवार होते आणि तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १०३३, तिथं तर मतपत्रिका म्हणजे पुस्तकच झालं. मग सरकारनं लोकसभेचं डिपॉझिट ५०० रुपयांवरून १०,००० वर नेलं. आमच्या मागणीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या मतपत्रिकेतून आम्ही आमचं म्हणणं देशापुढं ठेवलं याचा मला आजही अभिमान आहे.

चैत्यभूमी

सगळे व्हेनिसपासून सुरुवात करताय म्हणून लिहितो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी जे शेवटचं मोठं भाषण केलं त्यात त्यांनी सांगितलंय की भिक्खू संघाला संसदेचे नियम माहीत होते, आणि त्या यादीत कोरम आहे, व्हिप आहे, मतमोजणी आहे आणि बॅलटनं मतदान हेही आहे. हाच शब्द त्यांनी वापरलाय.

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ आहे विनयपिटक, त्याच्या चुल्लवग्ग ह्या भागात ती पद्धत सापडते. संघात वाद झाला आणि एकमत होईना तर शलाका वाटायच्या, म्हणजे लाकडी काड्या. दोन बाजूंच्या काड्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या. काड्या वाटायला एक भिक्खू नेमायचा, तो कसा असावा तर पक्षपात न करणारा, रागानं किंवा भीतीनं न वागणारा. आणि घ्यायच्या पद्धती तीन, गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त पद्धतीत तो प्रत्येकाला सांगतो, ही ह्या मताची काडी, ही त्या मताची, हवी ती घे आणि कुणाला दाखवू नकोस. 'कुणाला दाखवू नकोस' हे ऐकलं की मला आजचं मतदान केंद्र डोळ्यासमोर येतं. व्हेनिसच्या कितीतरी शतकं आधीची गोष्ट आहे ही, आणि ती आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

वाईची_बाई

हे मी वर्गात सांगणार, नक्की. शलाका शब्द मुलांना कळतोही.

कुडाळचो

व्हेनिसची अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या प्रमुखाला डोजे म्हणायचे, त्याची निवड १२६८ पासून फार गुंतागुंतीनं व्हायची, सोडतीनं ३० जण काढायचे, त्यातून ९ ठेवायचे, त्यांनी ४० निवडायचे, त्यातून पुन्हा सोडतीनं १२, असं करत करत शेवटी ४१ जण, आणि त्यातल्या किमान २५ जणांची मतं मिळाली की डोजे झाला. हे सगळं कशासाठी तर कुठल्याही एका घराण्याला डाव साधता येऊ नये म्हणून. आणि सोडतीच्या गोळ्या काढायला एक लहान मुलगा. कौन्सिलमधला सगळ्यात तरुण माणूस बाहेर सेंट मार्कच्या चर्चकडं जाणार आणि पहिला जो मुलगा भेटेल त्याला घेऊन येणार. त्या मुलाला बालोत्तिनो म्हणायचे, गोळीवाला पोरगा.

आता आपल्याकडं बघा. ग्रामपंचायतीत समान मतं पडली की ईश्वरचिठ्ठी. बरणीत दोन चिठ्ठ्या टाकतात आणि काढायला कुणाला बोलावतात? तिथं जमलेल्यातलं एखादं लहान पोर. वॉर्डाच्या आरक्षणाची सोडत असते तिथंही शाळेतली मुलंच. तमिळनाडूत उत्तिरमेरूरला चोळांच्या काळातला शिलालेख आहे, परांतक राजाचा, साधारण ९२० सालचा, त्यातही ताडपत्रांच्या चिठ्ठ्या घड्यात घालून लहान मुलाच्या हातानं काढायला सांगितलंय. कुठं उत्तिरमेरूर, कुठं व्हेनिस, कुठं आमचं गाव. सगळ्यांना वाटलं की पोराचा हात खोटं करणार नाही.

कोर्टाची_पायरी

सुंदर. फक्त एक फरक लक्षात ठेवूया, चिठ्ठी उचलणं ही सोडत झाली, मतदान नाही. समान मतं पडली की चिठ्ठी हे आपल्या कायद्यात आहेच, पण तिथं मतदारानं निवडलेलं नसतं. उत्तिरमेरूरला अनेकजण मतदान म्हणतात ते मला पटत नाही.

कुडाळचो

मान्य. पण व्हेनिसमधे सोडत आणि मतदान दोन्हीसाठी तीच गोळी होती, म्हणून शब्दात दोन्ही मिसळलंय.

लीड्सकर

माझ्या घरापासून अर्ध्या तासावर पाँटिफ्रॅक्ट नावाचं छोटं गाव आहे. १८७२ मधे ब्रिटनमधे बॅलट कायदा झाला आणि त्या कायद्याखालची पहिली संसदेची निवडणूक, पोटनिवडणूक होती, ती इथं १५ ऑगस्ट १८७२ ला झाली. तारीख बघा! ती पेटी गावातल्या म्युझियममधे ठेवलीय, मी मुलांना घेऊन बघून आलो. पेटीला लाखेचं सील आहे आणि त्यावर जो ठसा आहे तो इथल्या ज्येष्ठमधाच्या वड्या बनवणाऱ्या कारखान्याचा, गाव त्या वड्यांसाठीच प्रसिद्ध. हाताशी जो शिक्का होता तो वापरला.

त्याआधी इथं मतदान उघड होतं. सगळ्यांसमोर उभं राहून नाव सांगायचं, कारकून वहीत लिहिणार, आणि कुणी कुणाला मत दिलं त्या वह्या नंतर छापून विकायला. जमीनदार, कारखानदार तिथंच उभा. त्याच्या घरात भाड्यानं राहणारा माणूस त्याच्याविरुद्ध बोलेल कसा? कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून चळवळ करणाऱ्या चार्टिस्ट लोकांनी १८३८ मधे ज्या सहा मागण्या केल्या त्यात गुप्त मतदान होतं, मिळायला ३४ वर्षं गेली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात १८५६ लाच सुरू झालेलं, सरकारनं छापलेला एकच कागद आणि आडोशाला जाऊन खूण, म्हणून अमेरिकेत ह्या पद्धतीला ऑस्ट्रेलियन बॅलट म्हणायचे.

न्यूजर्सी_मावशी

त्याच अमेरिकेतून आपला तिकीट शब्द आलाय बरं का. ऑस्ट्रेलियन पद्धत यायच्या आधी इथं पक्ष आपापल्या उमेदवारांची यादी स्वतःच छापून मतदारांना वाटायचे, तेच घेऊन जाऊन पेटीत टाकायचं. त्या छापील यादीला तिकीट म्हणायचे. कागद रंगीत असायचे त्यामुळं लांबून कळायचं कोण कुणाचा. १८८८ ला मॅसेच्युसेट्सनं हे बंद केलं, मग बाकीची राज्यं. कागद गेले पण तिकीट मिळालं, तिकीट कापलं हे आपण अजून म्हणतोय.

रानवारा

एक शंका. बॅलटमधेच गुप्तपणा आहे म्हणता, मग राज्यसभेला आमदार मतपत्रिका दाखवतात ते काय?

कोर्टाची_पायरी

बरोबर पकडलंत. २००३ मधे कायदा बदलून राज्यसभेला ओपन बॅलट केलं, आमदारानं आपल्या पक्षाच्या एजंटला मतपत्रिका दाखवायची, पण फक्त त्यालाच. २०२२ च्या जूनमधे महाराष्ट्रात एका आमदाराचं मत बाद झालं ते ह्याच कारणावरून, इतरांनाही दिसेल अशी धरली म्हणून. आणि दहाच दिवसांनी विधानपरिषदेची निवडणूक झाली, तिथं तेच आमदार, पण मतदान गुप्त. सुप्रीम कोर्टानं २००६ मधे ओपन बॅलट वैध ठरवलं, घोडेबाजाराला आळा बसतो हे कारण. मला स्वतःला हे रुचत नाही. निकाल निकाल आहे, मानतो, पण उघडी मूठ आणि बॅलट हे दोन शब्द एकत्र वाचले की खटकतं.

वाईची_बाई

सगळ्यांचे आभार. चार दिवसात काय काय कळलं! आता माझ्याकडचं सांगते. काल पाचवीच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक घेतली, दोन उमेदवार, दोन पत्र्याचे डबे, प्रत्येकाला एक चिंचोका. मूठ बंद करून दोन्ही डब्यात हात घालायचा आणि एकात चिंचोका सोडायचा. भिक्खूंची गोष्ट आधी सांगितली होती, त्यामुळं कुणाला दाखवू नकोस हे मुलंच एकमेकांना सांगत होती. अर्धा वर्ग झाला आणि एक मुलगी उभी राहिली, म्हणाली बाई, चिंचोका पत्र्यावर वाजतो, डाव्या डब्याचा आवाज वेगळा आणि उजव्याचा वेगळा, मला सगळ्यांची मतं कळली. वर्ग एकदम गप्प.

कुडाळचो

बाई, त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. व्हेनिसच्या मोठ्या सभेत गोळ्या लाकडाच्या किंवा धातूच्या नव्हत्या ठेवल्या, कापडाच्या केल्या होत्या, कशासाठी तर पडताना आवाज होऊन मत कळू नये म्हणून!

वाईची_बाई

खरंच? अंगावर काटा आला. कालचं मतदान मी तिथंच थांबवलं होतं. डब्यात चिंध्या घालून सोमवारी परत घेणार आहे, पहिल्यापासून.